लिंक्स पुन्हा पुन्हा तुटतात? काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि अर्काइव्ह कुठे कामाला येतं

जुन्या लेखांच्या साइट्स सांभाळणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्यात सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केलेला बिघाड एकच, तुटलेली लिंक. एक नीट करावी तर महिन्याभरात आणखी चार तुटतात. म्हणून आता मी लिंक दुरुस्त करण्यापेक्षा ती तुटली तरी वाचकाचं अडणार नाही अशी व्यवस्था आधी करते. ती व्यवस्था खाली आहेच, पण आज ज्यांच्यासमोर तुटलेली लिंक आहे त्यांच्यासाठी सुरुवात लक्षणांपासून.

लक्षणं

- पान सापडत नाही, ४०४ किंवा ४१० असा आकडा दिसतो.
- ब्राउझर म्हणतो, असा सर्व्हरच अस्तित्वात नाही.
- लिंक उघडते, पण हव्या त्या पानाऐवजी त्या साइटच्या मुखपृष्ठावर नेऊन सोडते.
- लिंक उघडते, पण तिथे भलताच मजकूर असतो: जुगाराची जाहिरात, किंवा "हे डोमेन विकणे आहे".
- लिंक तपासणारं साधन "तुटली" म्हणतं, ब्राउझरमध्ये मात्र पान व्यवस्थित उघडतं.
- साइटची मांडणी बदलल्यानंतर तुमच्याच जुन्या लेखांमधल्या आपसातल्या लिंक्स बंद पडल्या.
- अर्काइव्हची, म्हणजे वेबची पानं जतन करून ठेवणाऱ्या संग्रहाची लिंक दिली होती, पण तिथे पान कोरं दिसतं किंवा चित्रं गायब आहेत.

यातलं चौथं लक्षण सगळ्यात धोक्याचं. तिथे कोणतंही साधन तक्रार करत नाही. पान "मिळालं" असाच निरोप येतो आणि वाचक तुमच्या भरवशावर भलतीकडे पोचतो.

आधी थांबा, मग दुसऱ्या वाटेने उघडून बघा

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. लिंक खाजगी विंडोत उघडा, मग मोबाइलच्या इंटरनेटवरून उघडा. आकडा ५०० किंवा ५०३ असेल, किंवा पान नुसतंच फिरत राहत असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. पाचशेच्या घरातले आकडे म्हणजे समोरचा सर्व्हर आजारी आहे. पान गेलं असं त्यावरून म्हणता येत नाही. चार-पाच दिवसांच्या अंतराने तीनदा बघितल्याशिवाय मी कोणत्याही लिंकला मेलेली म्हणत नाही. घाईने बदललेली चांगली लिंक पुन्हा शोधून काढायला जास्त कष्ट पडतात.

पत्ता अक्षर-अक्षर बघा

वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम, स्वल्पविराम किंवा बंद कंस पत्त्याला चिकटला आहे का? मध्ये मोकळी जागा शिरली आहे का? पत्त्यात मोठी-छोटी रोमन अक्षरं असतील तर ती तंतोतंत तशीच आहेत का? लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरना हा फरक कळतो, विंडोजवर तो सहसा कळत नाही. त्यामुळे घरच्या संगणकावर चालणारी लिंक साइटवर चढवल्यावर तुटते.

देवनागरी पत्त्यांचं दुखणं वेगळं आहे आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. पत्त्यात देवनागरी अक्षर आलं की संगणक त्याचे तीन बाइट करतो आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन खुणा अशा रूपात लिहितो. म्हणजे एका चिन्हाची नऊ चिन्हं. काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजायची. "पाणी" या साध्या शब्दात प, काना, ण आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हं आहेत. त्यांची पत्त्यात ३६ होतात. वर्डप्रेस, म्हणजे पुष्कळ साइट्स ज्यावर चालतात ते सॉफ्टवेअर, पत्त्यातला शीर्षकावरून बनणारा भाग २०० चिन्हांवर कापतं, त्यामुळे मराठी शीर्षकाची जेमतेम बावीस चिन्हं उरतात. दोन लेखांची शीर्षकं सारखीच सुरू होत असतील तर दुसऱ्याच्या पत्त्यामागे "२" लागतो. साइट दुसरीकडे हलवताना लेखांचा क्रम बदलला की तो "२" भलत्या लेखाला चिकटतो आणि दोन्ही लिंक्स चुकीच्या लेखावर जातात. मी हे दोन वेगवेगळ्या साइट्सवर निस्तरलं आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. "दुसऱ्या" या शब्दातला "ऱ" संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो: त्याचं स्वतंत्र चिन्ह वापरून, किंवा "र" आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) जोडून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण सर्व्हरच्या लेखी ते दोन वेगळे पत्ते असू शकतात. म्हणून देवनागरी पत्ता कधीही हाताने टंकू नका. उघडलेल्या पानावरून तो जसाच्या तसा उचला. नव्या लेखाचा पत्ता स्वतः ठरवा, शीर्षकावर सोडू नका. दोन-तीन शब्द पुरतात.

लिंक लहान करणाऱ्या सेवेतून आलेला पत्ता असेल तर तो आजच उलगडून मूळ पत्ता लिहा. गूगलने आपल्या अशा सेवेत नव्या लिंक्स बनवणं २०१९ मध्ये बंद केलं आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वापरात नसलेल्या जुन्या लिंक्सही बंद केल्या. मधला दुवा गेला की मूळ पान जिवंत असूनही तुमच्या हाती काही लागत नाही.

पान मेलं आहे की घर बदललं आहे?

पानाचं शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून शोधा. शीर्षक आठवत नसेल तर त्यातलं एखादं वेगळं वाक्य टाका. पुष्कळदा पान त्याच साइटवर नव्या पत्त्यावर सापडतं. ही पायरी अर्काइव्हच्या आधी हवी, कारण जिवंत पान असताना वाचकाला जुन्या प्रतीकडे पाठवणं योग्य नाही. जिवंत पानात दुरुस्त्या झालेल्या असतात आणि लेखकाच्या पुढच्या लिखाणाची वाटही तिथूनच असते.

शोधून सापडलं नाही तर सर्व्हरने दिलेला आकडा बघा. ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांत नेटवर्क नावाचा टॅब असतो, तिथे तो दिसतो. ४०४ म्हणजे पान सापडत नाही, पुढे कदाचित येईलही. ४१० म्हणजे मालकाने मुद्दाम काढलं. ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर, तेव्हा नवा पत्ता लिहून मोकळे व्हा. ४०३ म्हणजे पान आहे, पण तुम्हाला किंवा तुमच्या साधनाला आत घेत नाहीत. आकडा २०० आला आणि पानावर "माफ करा, हे पान उपलब्ध नाही" असं लिहिलेलं दिसलं, तर ती छुपी ४०४ आहे. ती डोळ्यांनीच पकडावी लागते.

आता अर्काइव्ह

इंटरनेट अर्काइव्ह ही ना-नफा संस्था ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सुरू केली. तिचं वेबॅक मशीन २००१ पासून सगळ्यांना खुलं आहे आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या साठवलेल्या पानांनी एक लाख कोटींचा आकडा गाठला. मेलेला पत्ता तिथल्या शोधपेटीत टाकला की वर्षांची पट्टी आणि खाली कॅलेंडर येतं. प्रत साठवलेल्या तारखांभोवती रंगीत गोल असतात. निळा म्हणजे पान नीट मिळालं. हिरवा म्हणजे त्या दिवशी ते दुसरीकडे वळवलं होतं. केशरी म्हणजे पान सापडलं नाही, ४०४ सारखी चूक. लाल म्हणजे सर्व्हर बिघडलेला. मी फक्त निळ्या गोलांवर टिचकी मारते, आणि निळ्यावरही लगेच विश्वास ठेवत नाही.

एका लेखात एका व्याख्यानाच्या लिखित प्रतीची लिंक होती. ते डोमेन, म्हणजे साइटचं नोंदवलेलं नाव, नूतनीकरणाअभावी सुटलं आणि कुणीतरी विकत घेऊन त्यावर सट्ट्याच्या जाहिराती लावल्या. माझ्या साधनाने त्या लिंकला महिनोन्महिने "ठीक" असाच शेरा दिला, कारण पान उघडत होतं. शेवटी एका शिक्षिकेचं पत्र आलं की वर्गात पडद्यावर ही लिंक उघडली आणि मुलांसमोर ते दिसलं. मला फार वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी कॅलेंडर उघडलं, सगळ्यात ताजा निळा गोल निवडला, लिंक बदलली आणि नंतर सहज म्हणून खाली सरकवत गेले, तर ते पान म्हणजे "डोमेन विकणे आहे" अशी नीटनेटकी पाटी होती. ती पाटीसुद्धा २०० आकडा देते, म्हणून तिचाही गोल निळाच. खरं व्याख्यान तीन वर्षं मागच्या एका एकट्या गोलात होतं.

तेव्हापासूनचा माझा नियम असा की ताजी प्रत निवडायची नाही, लेख लिहिला त्या तारखेच्या जवळची निवडायची. लेखकाने जे वाचून विधान केलं ते त्या दिवशीचं पान होतं. पुढे त्यात आकडे बदलले असतील, परिच्छेद गाळला असेल, तर ताज्या प्रतीने लेखकाचं विधान खोटं ठरेल.

प्रतीचा पत्ता वाचायला शिका, फार सोपा आहे. सुरुवातीला अर्काइव्हचा पत्ता, मग चौदा आकडे, मग मूळ पत्ता. २०१९०३१४०६२५०० म्हणजे १४ मार्च २०१९, सकाळचे ६ वाजून २५ मिनिटं, जागतिक प्रमाणवेळेनुसार. आकडे थोडे चुकले तरी वेबॅक मशीन जवळच्या तारखेच्या प्रतीवर नेतं. सोय चांगली आहे, पण मागितलेली तारीख आणि मिळालेली तारीख वेगळी असू शकते, म्हणून पान उघडल्यावर वरच्या पट्टीतली तारीख बघूनच पत्ता उचला.

प्रत उघडल्यावर तीन गोष्टी बघा: तुम्हाला हवा तो परिच्छेद तिथे आहे का, तक्ते आणि चित्रं आली आहेत का, आणि "पुढे वाचा"सारखं बटण दाबावं लागत असेल तर ते चालतं का. पानाचे तुकडे वेगवेगळ्या दिवशी साठवलेले असू शकतात, म्हणजे मजकूर मार्चचा आणि आलेख ऑगस्टचा. आकडेवारीच्या पानांवर हे जरूर तपासा. जावास्क्रिप्टने नंतर भरली जाणारी पानं पुष्कळदा कोरी येतात, तेव्हा आसपासच्या दोन-तीन तारखा बघा. युनिकोडपूर्व फॉन्टमधली जुनी मराठी पानं रोमन अक्षरांच्या गिचमिडीसारखी दिसतात. ती प्रत बिघडलेली नसते, फक्त फॉन्ट सोबत आलेला नसतो. मजकूर फॉन्ट बदलणाऱ्या साधनातून काढला की वाचता येतो.

वेबॅक मशीनमध्ये काहीच नसेल तर मेमेंटोची शोधसेवा वापरून बघा. मेमेंटो हा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला तांत्रिक प्रघात आहे आणि त्याच्या आधाराने अनेक अर्काइव्ह एकाच वेळी धुंडाळता येतात. काही देशांची राष्ट्रीय ग्रंथालयंही वेबची पानं साठवतात आणि तिथे अनपेक्षितपणे काही सापडून जातं. पत्ता वगळलेला आहे असा संदेश आला, तर मात्र तिथे थांबा. पान वगळण्याची विनंती मालकाने केलेली असू शकते, तिला वळसा घालू नका.

प्रत सापडली. आता मूळ पत्ता पुसू नका

ही चूक मी इतर कुठल्याही चुकीपेक्षा जास्त वेळा बघते. मेलेली लिंक काढून तिच्या जागी अर्काइव्हची लिंक चिकटवली की काम झालं असं वाटतं. पण मग सगळी मदार एकाच संस्थेवर येते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इंटरनेट अर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि वेबॅक मशीन काही दिवस बंद होतं. ज्यांनी सगळ्या लिंक्स तिकडे वळवल्या होत्या त्यांच्या सगळ्या लिंक्स एकदम बंद पडल्या, त्यात जिवंत पानांच्याही होत्या.

म्हणून तीन गोष्टी एकत्र लिहा: मूळ पत्ता, जतन केलेल्या प्रतीचा पत्ता, आणि प्रतीची तारीख. विकिपीडियाच्या संदर्भसाच्यात हेच तीन रकाने असतात आणि मूळ पान जिवंत आहे की मेलेलं याचा चौथा. मूळ पान जिवंत असेपर्यंत शीर्षकावर मूळ लिंक ठेवायची आणि शेजारी "जतन केलेली प्रत, १४ मार्च २०१९" असं लिहायचं. मेलं की दोघांची अदलाबदल. सट्ट्याच्या साइटसारखा प्रकार असेल तर मूळ पत्ता नुसता मजकूर म्हणून ठेवा, टिचकी बसणार नाही असा. मूळ पत्ता आणि तारीख हातात असली की उद्या दुसऱ्या एखाद्या अर्काइव्हमध्ये त्याच सुमाराची प्रत शोधता येते.

पुन्हा पुन्हा का तुटतं, आणि ते कसं थांबवायचं

पानं मरतात, हे गृहीतच धरायला हवं. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ च्या अहवालानुसार २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती, आणि त्यांनी तपासलेल्या इंग्रजी विकिपीडियाच्या पानांपैकी ५४ टक्के पानांच्या संदर्भांत किमान एक लिंक तुटलेली होती. दुसऱ्यांची साइट आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहे तो लिंक दिली तो दिवस.

त्या दिवशीच पान जतन करा. वेबॅक मशीनच्या पानावर "सेव्ह पेज नाऊ" नावाची पेटी आहे, पत्ता टाका, बटण दाबा, मिनिटाभरात प्रतीचा पत्ता मिळतो. तो उघडून बघा, लेखात नोंदवा, मगच लेख प्रकाशित करा. एवढी एक सवय लागली आणि माझ्याकडच्या नव्या लेखांमधली कायमची गमावलेली पानं जवळजवळ संपली. पान मेल्यावर अर्काइव्हमध्ये शोधणं म्हणजे दुसऱ्या कुणीतरी ते आधीच जतन केलं असेल या आशेवर राहणं.

महत्त्वाच्या पानाची प्रत स्वतःकडेही ठेवा. सिंगलफाइल हे ब्राउझरचं विस्तारसाधन पूर्ण पान चित्रांसकट एकाच फाइलमध्ये उतरवतं. जास्त काटेकोर हवं असेल तर वेबरेकॉर्डरची साधनं वॉर्क (WARC) या प्रमाणित स्वरूपात साठवतात, त्यात सर्व्हरशी झालेला संवादही येतो. ही प्रत तुमच्या खात्रीसाठी. दुसऱ्याचा मजकूर आपल्या साइटवर चढवू नका, तो हक्क तुमचा नाही. लॉगिनमागची पानं अर्काइव्हकडे पाठवू नका, आणि खाजगी चावी असलेले पत्ते तर मुळीच नाही. तिथली प्रत सगळ्या जगाला दिसते.

जुन्या लेखांसाठी लिंक्स तपासणारं साधन वापरा. लिंकचेकर आणि लायची (lychee) ही दोन्ही मोफत आहेत. "तुटली" असा शेरा आलेल्या लिंक्स हाताने उघडून बघा. अशी काही साधनं वेळ वाचवायला पूर्ण पान न मागता फक्त शीर्षमाहिती (हेडर) मागतात आणि काही सर्व्हर अशा मागणीला नकार देतात. ४२९ आला तर तुम्ही फार भराभर विचारताय, वेग कमी करा. वर्डप्रेससाठी इंटरनेट अर्काइव्हचंच लिंक फिक्सर हे प्लगइन आहे. ते बाहेरच्या लिंक्स तपासतं, प्रत नसेल तर बनवायला सांगतं आणि पान मेलं की वाचकाला प्रतीकडे नेतं. चांगलं आहे, पण डोमेनचा मालक बदलला हे ते ओळखेल अशी अपेक्षा ठेवू नका. तो चौथ्या लक्षणाचा शोध मी अजूनही दर तीन महिन्यांनी डोळ्यांनीच घेते.

तुमच्याच साइटच्या लिंक्स तुटल्या असतील तर

मांडणी बदलण्याआधी सगळ्या जुन्या पत्त्यांची यादी काढा आणि प्रत्येकासमोर नवा पत्ता लिहून ३०१ ने वळवा. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवणं हा उपाय नाही, वाचकाच्या दृष्टीने ती तुटलेली लिंकच आहे. यादी काढायची राहून गेली असेल तर वेबॅक मशीन इथेही मदत करतं: तुमच्या डोमेनपुढे तिरकी रेघ आणि तारका टाकली की साठवलेल्या पत्त्यांची यादी मिळते. हरवलेला लेख परत मिळवायचा असेल तर चौदा आकड्यांना लागून रोमन आय, डी आणि अंडरस्कोर लिहा. मग अर्काइव्हची पट्टी आणि बदललेल्या लिंक्स न येता मूळ पान जसंच्या तसं मिळतं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

डेटाबेसमध्ये थेट शोधून-बदलण्याची वेळ आली तर थांबा. वर्डप्रेसमधल्या काही सेटिंग्ज अक्षरांच्या संख्येसकट साठवलेल्या असतात. आतला पत्ता बदलला आणि संख्या तीच राहिली की ती सेटिंग वाचताच येत नाही, आणि हे कित्येकदा आठवड्याने लक्षात येतं. साइट बांधणाऱ्या माणसाकडून बॅकअप घेऊन, योग्य साधनाने करून घ्या.

तुमच्या साइटवरच्या लिंक्स फक्त मोबाइलवर किंवा फक्त शोधयंत्रातून आल्यावर भलतीकडे जात असतील तर लिंक तुटलेली नाही, बहुधा साइटमध्ये कुणीतरी घुसलं आहे. काही पुसू नका, लगेच होस्टिंगवाल्यांना आणि सुरक्षेचं काम करणाऱ्याला कळवा. तुमचं स्वतःचं डोमेन सुटलं असेल तर नोंदणी करणाऱ्या कंपनीला त्याच दिवशी फोन करा. परत मिळवण्याची मुदत मर्यादित असते. जतन केलेलं पान न्यायालयात पुरावा म्हणून द्यायचं असेल तर पडद्याचं चित्र काढून पुढे जाऊ नका, आधी वकिलांना विचारा.

कुणालाही बोलवताना तीन गोष्टी तयार ठेवा: तुटलेल्या पत्त्यांची यादी, प्रत्येकाला आलेला आकडा, आणि शेवटचं कधी चाललं ती तारीख. तारीख आठवत नसेल तर कॅलेंडर उघडा आणि शेवटचा निळा गोल उघडून बघा. त्यात खरं पान दिसलं, तर ते तेव्हा तरी जिवंत होतं.